आंकडे वाचणारीं निनांवी केंद्रें



घड्याळाचा कांटा बरोबर तासावर येतो. त्या क्षणापर्यंत ज्या जागीं खरखरीवांचून दुसरें कांहीं ऐकूं येत नव्हतें, तेथें एका जुन्या इंग्रजी लोकगीताच्या चालीचा लहानसा तुकडा वाजूं लागतो. तो थांबतो आणि एक स्त्री इंग्रजींतून पांच आंकडे उच्चारते. तेच पांच, पुनःपुन्हां. मग पुन्हां ती चाल, पुन्हां तेच आंकडे. असा कांहीं वेळ घोष झाल्यावर घंटानाद होतो आणि पांच-पांच आंकड्यांचे नवे गट सुरू होतात. प्रत्येक गट दोनदां, आणि गटांतला शेवटचा आंकडा किंचित् चढ्या सुरांत. असे दोनशें गट झाले कीं पुन्हां घंटा, पुन्हां ती चाल, आणि मागें उरते ती खरखर. केंद्राचें नांव नाहीं, देशाचें नांव नाहीं, आंकडे कोणासाठीं वाचले त्याचा उच्चार नाहीं. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून २००८ सालापर्यंत हा प्रकार दिवसामागून दिवस चालूं होता, आणि ज्याच्या घरीं लघुलहरी पकडणारा रेडिओ-संच असे त्या कोणालाहि तो ऐकतां येई.

हें कांहीं एकटें केंद्र नव्हतें. जर्मन, रशियन, स्पॅनिश, झेक, चिनी, कोरियन अशा नाना भाषांतून आंकडे वाचणारीं केंद्रें गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत आकाशांत गर्दी करून होतीं. कोठें पुरुषाचा आवाज, कोठें लहान मुलीचा भासणारा, कोठें नुसता मोर्सच्या संकेतांचा कडकडाट. हे आंकडे परदेशीं लपून राहिलेल्या हेरांसाठीं असतात, ही गोष्ट आज कोणी नाकारीत नाहीं. परंतु आज मी जें सांगणार आहे तो हेरांच्या पराक्रमांचा इतिहास नव्हे. या आंकड्यांतला एकहि संदेश ज्यांना स्वतः कधीं वाचतां आला नाहीं, आणि तरीहि ज्यांनीं या केंद्रांचा इतिहास लिहून ठेवला, त्या हौशी श्रोत्यांविषयीं मला बोलावयाचें आहे.

इतिहासाच्या शिक्षकाला या मंडळींचें विशेष कौतुक वाटावें हें साहजिक आहे. वर्गांत आम्ही मुलांना सांगत आलों कीं, जुना कागद हातीं आला म्हणजे तीन प्रश्न विचारावे: कोणीं लिहिला, कोणाला लिहिला आणि त्यांत काय लिहिलें आहे. मिती फाटून गेली असली तर शिक्का पाहावा. शिक्का पुसला असला तर हस्ताक्षराचें वळण पाहावें. तेंहि न जमलें तर कागदाची जात पाहावी. येथें तर तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मुद्दाम, मोठ्या कौशल्यानें दडविलेलीं. लेखक निनांवी, वाचक निनांवी आणि मजकूर अभेद्य. अशा कागदाचें काय करावें?

प्रथम हे आंकडे ज्या वाटेनें येतात त्या वाटेविषयीं थोडें. लघुलहरी म्हणजे शॉर्टवेव्ह; त्या वातावरणाच्या वरच्या थरावर, ज्याला शास्त्रज्ञ आयनांबर म्हणतात त्यावर, आदळून पुन्हां जमिनीकडे वळतात आणि अशा उड्या घेत समुद्र ओलांडून जातात. या लहरींचा आणि हौशी मंडळींचा ऋणानुबंध जुना आहे. १९१२ सालीं अमेरिकन सरकारनें हौशी बिनतारीवाल्यांना दोनशें मीटर व त्याहून आंखूड लहरींवर ढकलून दिलें, कारण त्या लहरी दूरच्या दळणवळणाला निरुपयोगी आहेत असा तज्ज्ञांचा समज होता. डिसेंबर १९२१ मध्यें अमेरिकन हौशी संघानें धाडलेले पॉल गॉडली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर आर्ड्रोसन येथें तंबूंत बसून राहिले आणि अटलांटिकपलीकडच्या आपल्या बांधवांचे संकेत त्यांनीं ऐकले. १९२३ च्या नोव्हेंबरांत सुमारें शंभर मीटरांवर दोन्ही बाजूंनीं संभाषणहि झालें. उकिरड्यावर टाकलेली वस्तु सोन्याची निघाली तेव्हां सरकारें आणि कंपन्या तिकडे धांवल्या, हें निराळें सांगावयास नको. आमच्या पिढीनें सिलोन केंद्र लावण्यासाठीं कांटा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकविण्यांत जे तास घालविले त्यांतून आम्हांला एवढें कळलें होतें कीं, रात्र पडली म्हणजे दूरचीं केंद्रें जवळ येतात. त्यामागचें शास्त्र पुस्तकांत पुढें भेटलें.

आतां हे आंकडे वाचतां कां येत नाहींत? मी कांहीं गणिती नव्हे, मॅट्रिकच्या पलीकडचें गणित मला येत नाहीं. पण या कामाला तिसऱ्या इयत्तेचें पुरतें. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल जवळ घेतली तर बरें.

समजा, 'थांब' या शब्दासाठीं ४८२१५ हा गट ठरला आहे. हेराजवळ एक लहानशी वही असते. तिच्या पानापानावर केवळ दैवगतीनें पडलेले, कोणताहि क्रम नसलेले आंकडे छापलेले असतात, आणि त्या वहीची दुसरी प्रत फक्त संदेश धाडणाऱ्याजवळ असते. त्या पानावरचा पहिला गट ७३९६४ आहे असें धरा. या दोन गटांची बेरीज करावयाची, मात्र हातचा घ्यावयाचा नाहीं. चार आणि सात अकरा. एक मांडला, हातचा सोडून दिला. आठ आणि तीन अकरा, पुन्हां एक. दोन आणि नऊ अकरा, पुन्हां एक. एक आणि सहा सात. पांच आणि चार नऊ. उत्तर आलें १११७९. हा गट आकाशांतून जगभर जातो. हेर आपल्या वहींतले ७३९६४ त्यांतून तशाच रीतीनें वजा करतो, त्याला ४८२१५ मिळतात आणि तो थांबतो. मग तें पान जाळून टाकावयाचें, तें पुन्हां कधींहि वापरावयाचें नाहीं.

आतां त्रयस्थाची स्थिति पाहा. त्यानें १११७९ अगदीं स्पष्ट ऐकले आहेत. तो अंदाजानें एक किल्ली घेतो, समजा २१८७३. वजाबाकी केली तर त्याला मिळतात ९०३०६; आणि त्या कोशांत ९०३०६ चा अर्थ 'पळून जा' असा असूं शकेल. म्हणजे एकाच गटांतून 'थांब' निघतें आणि 'पळून जा' हेंहि निघतें, आणि जगांतला जो शब्द म्हणाल तो निघतो. यांतला खरा कोणता हें सांगणारी कसलीहि खूण त्या गटांत शिल्लक राहिलेली नसते. ही योजना पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेंत गिल्बर्ट व्हर्नम आणि जोसेफ मोबोर्न यांच्या कामांतून आकाराला आली. आणि ती सर्वथा अभेद्य आहे हें क्लॉड शॅनन यांनीं १९४९ सालीं छापलेल्या निबंधांत गणितानें सिद्ध केलें. कितीहि मोठें गणकयंत्र आणा, जी माहिती त्या आंकड्यांत उरलीच नाहीं ती तें कोठून काढणार?

मात्र 'पुन्हां कधींहि नाहीं' हा नियम अक्षरशः पाळावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत, १९४२ च्या सुमारास, सोव्हिएट रशियाच्या छापखान्यांत कांहीं पानें दोन-दोन वह्यांत गेलीं. तेवढ्या फटींतून अमेरिकन सैन्याच्या गुप्तलेखन विभागानें १९४३ पासून चिकाटीनें काम करून हजारों संदेशांपैकीं कांहींची उकल केली. त्या उद्योगाला व्हेनोना हें नांव आहे; तो १९८० पर्यंत चालला आणि १९९५ सालीं जाहीर झाला. छापखान्यांतल्या एखाद्या घाईचें मोल किती माणसांनीं कारागृहांत चुकविलें असेल तें सांगतां येत नाहीं.

कित्येकांना प्रश्न पडतो कीं, एवढें गुप्त काम असतां तें सर्व जगाला ऐकूं जाईल अशा रेडिओवरून कां करावें? येथें आपल्या मुंबईंतल्या एका प्रकरणाशीं तुलना केली म्हणजे उत्तर ध्यानांत येतें. १९४२ च्या आंदोलनांत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं काँग्रेस रेडिओ चालविला. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरांवर त्याचा पहिला शब्द उमटला. त्या रेडिओचा मजकूर उघड होता, तो जितक्यांनीं ऐकावा तितकें चांगलें. लपवावयाची होती ती बोलण्याची जागा. म्हणून यंत्र या घरांतून त्या घरांत हलवीत राहावें लागे, आणि दिशाशोधक यंत्रें घेऊन फिरणाऱ्या पोलिसांनीं १२ नोव्हेंबरला त्यांना गांठलेंच. आंकड्यांच्या केंद्रांचा व्यवहार याच्या नेमका उलट आहे. तेथें बोलणाऱ्याला कसलेंच भय नाहीं. तो आपल्या सरकारच्या छत्राखालीं मोठ्या मनोऱ्यांसह बसलेला असतो. लपवावयाचा आहे तो ऐकणारा. पत्र लिहिलें तर टपालांत ठसा उरतो, दूरध्वनि केला तर नोंद उरते, माणूस भेटावयास आला तर शेजारी पाहतो. रेडिओ ऐकणाऱ्याचा मात्र कोठेंहि ठसा उरत नाहीं. चार भिंतींच्या आंत, कानाला श्रवणयंत्र लावून बसलेला मनुष्य गाणें ऐकतो आहे कीं हुकूम घेतो आहे, हें कोणीं ओळखावें? महायुद्धांत लंडनहून बी. बी. सी. च्या फ्रेंच कार्यक्रमांत निरर्थक भासणारीं वाक्यें वाचलीं जात आणि फ्रान्समधले प्रतिकारक त्यांतून आपापला संदेश घेत. त्यांतहि तत्त्व हेंच होतें.

अशा या अभेद्य भिंतीसमोर हौशी श्रोते येऊन उभे राहिले. त्यांत कोणी नोकरदार, कोणी अभियंते, कोणी सेवानिवृत्त. प्रथम पुष्कळांच्या कानांवर हे आवाज अपघातानें पडले. मग कोणीं वही घातली: तारीख, जागतिक वेळ, कंपनसंख्या, भाषा, आवाज, आरंभींची चाल, गटांची संख्या, अखेरचा शब्द. इंग्लंडांतल्या सायमन मेसन यांनीं १९९१ सालीं या विषयावर 'सीक्रेट सिग्नल्स' नांवाचें पुस्तक लिहिलें. १९९३ मध्यें युरोपांतल्या श्रोत्यांनीं एनिग्मा या नांवाची संघटना काढली आणि या बेवारशी केंद्रांना नांवें देण्याची पद्धति बसविली. इंग्रजी बोलणाऱ्यास ई, जर्मन बोलणाऱ्यास जी, स्लाव भाषांस एस, इतर भाषांस व्ही, मोर्सला एम, आणि अक्षरापुढें अनुक्रमांक. आरंभीं वर्णिलेलें केंद्र त्यांच्या वहींत ई ०३. लोकांच्या तोंडीं मात्र त्याला 'लिंकनशायर पोचर' हेंच नांव राहिलें, कारण त्या गीताचें नांव तें आहे.

नांव देणें ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. मला ती तशी वाटत नाहीं. नांव दिलें कीं दोन गांवच्या दोन माणसांना एकमेकांच्या वह्या ताडून पाहतां येतात. आणि वह्या ताडल्या म्हणजे मजकुराला हात न लावतांहि पुष्कळ कळूं लागतें. उदाहरणार्थ, पोचरचा प्रत्येक संदेश बरोबर दोनशें गटांचा असे, कमी नाहीं कीं जास्त नाहीं. जगांत दररोज सांगावयाच्या गोष्टी एकाच लांबीच्या असतील हें संभवत नाहीं. अर्थात् पुष्कळ गट निव्वळ भरतीचे असले पाहिजेत, आणि भरती घालण्याचा हेतु हाच कीं, आज काम अधिक आहे कीं मुळींच नाहीं याचा बाहेरच्याला सुगावा लागूं नये. शांततेच्या दिवशींहि कारभार चालूं ठेवावयाचा, म्हणजे अशांततेचा दिवस उठून दिसत नाहीं.

तसेंच स्थळाचें. कोणत्या देशांत कोणत्या वेळीं आवाज सबळ येतो, कोठें क्षीण होतो, एरियल कोणत्या बाजूला फिरविला कीं आवाज मावळतो, हें निरनिराळ्या ठिकाणच्या श्रोत्यांनीं मांडलें आणि नकाशावर रेघा ओढल्या. त्या रेघा सायप्रस बेटावरच्या आक्रोटिरी या ब्रिटिश विमानतळाकडे जाऊन मिळाल्या. पोचरचें भावंड म्हणतां येईल असें 'चेरी राइप' या गीताची चाल वाजविणारें दुसरें केंद्र पूर्वेकडे ऐकूं येई. तें पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावरून आणि पुढें ऑस्ट्रेलियांतून येत असावें असा निष्कर्ष त्यांनीं काढला. क्यूबाचें स्पॅनिश केंद्र तर स्वतःच्या हलगर्जीपणानें उघडें पडलें. आंकड्यांच्या लहरीवर मधूनच हवाना नभोवाणीचा नेहमींचा कार्यक्रम घुसे. चुकीचें बटण दाबणारा तो कोणी यंत्रचालक असेल, त्यानें इतिहासावर उपकार केले आहेत.

१९९७ सालीं लंडनच्या इर्डियल या संस्थेनें अकिन फर्नांडिस यांनीं जमविलेलीं ध्वनिमुद्रणें 'कॉनेट प्रोजेक्ट' या नांवानें चार तबकड्यांवर काढलीं. वृत्तपत्रांना विषय मिळाला. १९९८ मध्यें ब्रिटिश व्यापार-उद्योग खात्याच्या प्रवक्त्याला एका दैनिकानें विचारलें, तेव्हां त्यानें जें उत्तर दिलें त्याचा आशय असा कीं, तुम्हांला तें जें वाटतें तेंच तें आहे, त्यांत गूढ मानण्याजोगें कांहीं नाहीं, मात्र तें सर्वसामान्य लोकांच्या उपयोगासाठीं नाहीं. सरकारी भाषेंत इतकी स्पष्ट कबुली क्वचितच मिळते. आणि यांत एक गंमत आहे. इंग्लंडच्या १९४९ च्या बिनतारी कायद्याप्रमाणें आपल्यासाठीं नसलेला संदेश, त्याचा धाडणारा किंवा घेणारा कोण हें रेडिओच्या साह्यानें शोधून काढणें हाच गुन्हा होता. म्हणजे जें केंद्र आहे असें सरकार उघड म्हणत नव्हतें, तेंच ऐकल्याबद्दल नागरिकाला दंड होऊं शकत होता. श्रोत्यांनीं वह्या भरणें सोडलें नाहीं.

येथपर्यंत सारें अनुमान होतें. अनुमान पुराव्यानें सिद्ध झालें तें न्यायालयांत, आणि तें ऐकतांना या छंदाची मजा थोडी मावळते.

सप्टेंबर १९९८ मध्यें अमेरिकेच्या फ्लॉरिडा प्रांतांत क्यूबाच्या हेरांचें एक जाळें पकडलें गेलें. मियामीच्या न्यायालयांत सरकारपक्षानें सांगितलें कीं, ही मंडळी हातांत मावणाऱ्या सोनी रेडिओवर 'आतेन्सियोन' असें म्हणून सुरू होणारे आंकडे उतरवून घेत आणि गणकयंत्रांत घालून त्यांचा अर्थ काढीत. अमेरिकन तपासखात्याच्या माणसांनीं १९९५ सालींच एका हेराच्या बिऱ्हाडांत गुपचूप शिरून त्या गणकयंत्रांतली उकल करणारी योजना उतरवून घेतली होती. म्हणजे भिंत फोडली नव्हती. किल्ली चोरली होती. या केंद्राचे जे संदेश न्यायालयांत वाचले गेले त्यांत एक, महिलादिनानिमित्त सर्व स्त्री-सहकाऱ्यांचें अभिनंदन करा, असा होता. ते भयाण आंकडे ऐकून ज्यांनीं रात्री जागविल्या त्यांना हें वाचून हंसूं आलें असेल.

दुसऱ्या एका संदेशानें मात्र हंसूं येत नाहीं. क्यूबांतून तराफ्यांवर पळून येणाऱ्यांना समुद्रांत शोधणारी निर्वासितांची एक वैमानिक संघटना मियामींत होती, आणि तिच्यांत क्यूबाचे हेर शिरलेले होते. त्यांतल्या दोघांनीं २४, २५, २६ आणि २७ तारखांना कोणत्याहि परिस्थितींत त्या विमानांतून उड्डाण करूं नये, असा तो हुकूम होता. २४ फेब्रुवारी १९९६ रोजीं क्यूबाच्या लढाऊ विमानांनीं त्या संघटनेचीं दोन लहान विमानें पाडलीं आणि चार माणसें मेलीं. जाळ्याच्या म्होरक्याला खुनाच्या कटाबद्दल २००१ सालीं दोषी ठरविण्यांत आलें. त्या निकालावर पुष्कळ वाद झाला आणि डिसेंबर २०१४ मध्यें कैद्यांच्या अदलाबदलींत तो मायदेशीं परतला. तो वाद आपला विषय नव्हे. विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, तो हुकूम आकाशांतून आला होता. फ्लॉरिडांतला कोणीहि शाळकरी मुलगा आपल्या खोलींत बसून ते आंकडे ऐकूं शकला असता, वहींत अगदीं अचूक उतरवून घेऊं शकला असता, आणि त्याला त्या चौघांच्या मरणाचा सुगावाहि लागला नसता. शॅननच्या सिद्धांताचा अर्थ व्यवहारांत हा असा होतो.

दुसरें प्रकरण ॲना बेलेन मॉन्टेस यांचें. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या हेरविभागांत या बाई १९८५ पासून नोकरीस होत्या आणि पुढें क्यूबा या विषयावरच्या तेथील तज्ज्ञ म्हणून नांवाजल्या. त्या क्यूबाच्याच हेर होत्या. २५ मे २००१ रोजीं तपासखात्यानें त्यांच्या घराची गुप्त झडती घेतली आणि त्यांच्या गणकयंत्राच्या तबकडीवरचा पुसून टाकलेला मजकूर परत मिळविला. त्यांत आंकडे होते: ३०१०७, २४६२४, आणि असेच पुढें, एकूण दीडशें गट. न्यायालयांत दाखल केलेल्या प्रतिज्ञापत्रांत म्हटलें आहे कीं, अगदीं हेच आंकडे, अगदीं याच क्रमानें, ६ फेब्रुवारी १९९९ रोजीं ७८८७ किलोहर्ट्झवर 'आतेन्सियोन, आतेन्सियोन' असें म्हणणाऱ्या स्पॅनिश स्त्रीच्या आवाजांत ध्वनिक्षेपित झाले होते. २१ सप्टेंबर २००१ रोजीं बाईंना अटक झाली, पुढच्या वर्षीं पंचवीस वर्षांची शिक्षा झाली, आणि जानेवारी २०२३ मध्यें त्या सुटून बाहेर आल्या.

त्या प्रतिज्ञापत्रांतला तो परिच्छेद मीं दोनतीनदां वाचला. तारीख, कंपनसंख्या, भाषा, आवाज, आरंभींचा शब्द, गटांची संख्या. हौशी श्रोत्यांच्या वहींतले रकाने जसेच्या तसे! ज्या नोंदींना शेजारीपाजारी वेड म्हणत होते, त्याच धर्तीची नोंद न्यायालयांत पुरावा म्हणून उभी राहिली. सरकारच्या श्रोत्यांजवळ मोठे एरियल असतील, पगार असेल, पद्धति तीच.

जर्मनींत मारबुर्ग येथें ऑक्टोबर २०११ मध्यें रशियासाठीं हेरगिरी करणाऱ्या एका जोडप्याच्या घरांत पोलीस शिरले तेव्हां पत्नी लघुलहरी संचावर संदेशच घेत होती. हें जोडपें कित्येक वर्षें ऑस्ट्रियन म्हणून तेथें संसार करीत होतें. महाजालाच्या युगांत ही जुनी पद्धति कोण वापरील, असें म्हणणाऱ्यांना त्या दिवशीं उत्तर मिळालें.

या विषयाभोंवतीं भाकडकथांचेंहि पुष्कळ रान माजलें आहे. ४६२५ किलोहर्ट्झवर रशियांतून वर्षानुवर्षें एक भोंग्यासारखा आवाज येत आला आहे. मध्येंच एखादे वेळीं कोणी रशियन भाषेंत नांवें व आंकडे वाचतो, पुन्हां भोंगा. हा भोंगा थांबला कीं अणुयुद्ध सुरू होणार, अशी एक कथा मोठ्या चवीनें सांगतात. भोंगा अनेकदां थांबला आहे आणि आपण येथें सुखरूप बसलों आहों. सैन्यानें आपली लहर दुसऱ्या कोणीं बळकावूं नये म्हणून तिच्यावर राखण बसविली आहे, हें साधें स्पष्टीकरण जाणत्या श्रोत्यांना पटतें आणि मलाहि तेंच पटतें. गूढाची आवड असणें वाईट नव्हे. पण ती आवड नोंदवहीच्या ताब्यांत राहिली पाहिजे.

अलीकडे हीं केंद्रें विरळ होत गेलीं आहेत. बर्लिनची भिंत पडल्यावर पूर्व जर्मनीचीं केंद्रें मुकीं झालीं. पोचर २००८ च्या जुलैंत गेला, चेरी राइप २००९ च्या डिसेंबरांत. एनिग्मा संघटना २००० सालीं बंद झाली, पण तिचें काम दुसऱ्यांनीं त्याच नांवापुढें २००० हा आंकडा लावून चालूं ठेवलें. श्रोत्यांचीं साधनेंहि पालटलीं. नेदरलंडमधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रेडिओ-संच २००८ पासून महाजालावरून कोणालाहि फिरवितां येऊं लागला. त्यामुळें घराच्या गच्चीवर तारा ताणण्याइतकी जागा नसलेल्या शहरी माणसालाहि युरोपचें आकाश ऐकतां येऊं लागलें.

शेवटीं एका केंद्राचा उल्लेख करतों, कारण त्यानें माझ्यांतल्या शिक्षकाला विशेष गुदगुल्या केल्या. उत्तर कोरियानें जून २००० मध्यें दक्षिणेशीं शिखर परिषद झाल्यावर आपले आंकडे बंद केले होते. २०१६ च्या उन्हाळ्यांत प्योंगयांगच्या केंद्रावरून ते पुन्हां ऐकूं आले, आणि तेहि कसे? दूरशिक्षण विद्यापीठाच्या सत्तावीस क्रमांकाच्या मोहिमेवरील विद्यार्थ्यांसाठीं प्राथमिक विषयाची उजळणी देत आहोंत, असें म्हणून निवेदिका गंभीरपणें वाचूं लागली: पान ४५९, प्रश्न ३५, पान ९१३, प्रश्न ५५. घरचा अभ्यास! दक्षिण कोरियाच्या सरकारनें निषेध केला, वृत्तपत्रांनीं तर्क लढविले, कोणी म्हणाले हा नुसता धाक आहे, ऐकणारा विद्यार्थी एकहि नाहीं. हौशी श्रोत्यांनीं या केंद्राला व्ही १५ हा क्रमांक दिला आणि पानांचे व प्रश्नांचे आंकडे उतरवून घेण्यास आरंभ केला. जानेवारी २०२४ मध्यें प्योंगयांगचें तें केंद्र बंद झालें. ते विद्यार्थी कोण होते, आणि मुळांत होते कीं नाहीं, हें त्या वह्यांत कोठेंहि लिहिलेलें नाहीं. प्रश्नांचे आंकडे मात्र तारीखवार लिहिलेले आहेत.